पुरावा कोणी कोणास द्यावा? : महाराष्ट्राच्या मुख्य सचिवांस अनावृत पत्र

माननीय मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन, यांस



हे पत्र एखाद्या मंत्रिमहोदयांच्या नावे न लिहिता आपल्या नावे लिहीत आहे, याचे कारण आरंभीच सांगितलेले बरे. मंत्री बदलतात, खाती फिरतात, योजनांची नावे तर निवडणुकीगणिक पालटतात; परंतु सर्व खात्यांची सूत्रे जेथे येऊन मिळतात असे दप्तर राज्यात एकच आहे, आणि ते आपले आहे. मला ज्या गोष्टीविषयी लिहावयाचे आहे ती नेमकी खात्याखात्यांमधल्या सांदीत जाऊन पडलेली आहे. धान्य पुरवठा खात्याचे, ते देताना अंगठा तपासणारे यंत्र कोणा कंत्राटदाराचे, त्या अंगठ्याची ओळख पटविणारी यंत्रणा केंद्र सरकारची, आणि ही सारी विचारपूस ज्या लहरींवरून चालते त्या एखाद्या मोबाइल कंपनीच्या. यांपैकी एका दुव्यात खोट आली की शिधापत्रिकाधारक बाई रिकाम्या पिशवीने घरी परतते, आणि दाद मागावयास गेलीच तर प्रत्येक दुवा तिला पुढच्या दुव्याकडे बोट दाखवितो. अशा फिर्यादीचा मालक कोणीच नसतो. म्हणून ती आपल्याकडे आणली.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. यंत्र आले म्हणून हळहळणाऱ्यांपैकी मी नव्हे. जुन्या दप्तराविषयी मला यत्किंचितही हुरहूर वाटत नाही. जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात कुलकर्ण्याच्या लेखणीपासून कचेरीतल्या कारकुनापर्यंत निरक्षर कुणब्याला कोण कोण कसे नागवितो याची जी हकीकत त्यांनी मांडली, तीत अतिशयोक्ती शोधणाऱ्यांनी आपल्या गावचे जुने फेरफार एकदा उघडून पाहावेत. लेखणी ठराविक घरांच्या हाती, दप्तराची किल्ली एकाच्या कनवटीला, आणि साध्या नकलेसाठी आठ-आठ दिवसांचे हेलपाटे, वर चहापाणी निराळेच, ही व्यवस्था मोडणे हे सामाजिक न्यायाचेच कार्य होते, आणि ते पुष्कळ अंशी संगणकाने केले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला तेव्हा तलाठ्याच्या गैरहजेरीने ज्यांची पीककर्जे अडत होती त्यांना काय सुटका वाटली असेल, हे मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरून कळणे कठीण आहे. तसेच शिधापत्रिकेचे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाची पत्रिका गावच्या दुकानाला जोडलेली आणि पोट मात्र सहा महिने कारखान्याच्या तळावर, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची विसंगती होती. तळाजवळच्या कोणत्याही दुकानात धान्य उचलता येण्याची सोय झाली, आणि ९ ऑगस्ट २०१९ पासून महाराष्ट्र व गुजरात यांच्या दरम्यान ती राज्याची सीमाही ओलांडून गेली. सर्व तळांवर ती सारखीच पोचली आहे असे नव्हे. परंतु कागदाच्या काळात ही गोष्ट केवळ अशक्य होती, हे मान्य केलेच पाहिजे.

असे असता तक्रार कसली? ती अशी की गेल्या पंधरा वर्षांत गावोगाव जी यंत्रे आपण बसविली त्यांतील बहुतेकांचा डोळा एकाच दिशेला लागलेला आहे. मी मीच आहे, हे रयतेने अंगठा टेकून सिद्ध करावयाचे. मी अद्याप हयात आहे, हे वृद्धाने दरवर्षी सिद्ध करावयाचे. मी कामावर हजर होतो, हे मजुराने दिवसातून दोनदा छायाचित्र देऊन सिद्ध करावयाचे. माझ्या शेतात खरोखर कापूसच उभा आहे, हे शेतकऱ्याने २०२१ पासून त्या शेतात उभे राहून मोबाइलमधून सिद्ध करावयाचे. (जिचे नाव सातबाऱ्यावर कधी चढलेच नाही आणि जी तोच कापूस वेचते, तिने काय सिद्ध करावे, हा प्रश्न कोणत्याही अ‍ॅपच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही, तो तूर्त बाजूस ठेवतो.) आणि शासनाने रयतेस काय सिद्ध करून द्यावयाचे? अर्ज कोणत्या दिवशी आला, कोणाच्या मेजावर थांबला, का नाकारला गेला, पैसे कोणत्या पायरीवर अडकले, यांपैकी एकाही गोष्टीचा पुरावा त्याच यंत्रातून त्याच सुलभतेने रयतेच्या हाती पडत नाही. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याच्यावर पुराव्याचा सगळा भार, आणि ज्याच्यापाशी सारे दप्तर आहे तो मोकळा, ही जुन्या कचेरीची रीत आपण विजेवर चालविली आहे.

आधार क्रमांकाच्या योजनेचा प्रारंभ देशात सर्वप्रथम आपल्याच राज्यात झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधानांच्या उपस्थितीत पहिले क्रमांक दिले गेले. स्थळाची निवड विचारपूर्वक झाली होती व मला ती योग्यच वाटते. ज्याच्यापाशी ना जन्माचा दाखला, ना शाळेचा, ना रहिवासाचा, त्याला राज्यसंस्थेने आपण होऊन ‘तू आहेस’ असे म्हणावे, यात काही थोर होते. परंतु त्या दिवशी दिलेली ओळख आणि आज दुकानाच्या ओट्यावर मागितली जाणारी ओळख या एकच नव्हेत. पहिलीत देण्याचा भाव होता, दुसरीत तपासणीचा आहे. वीटभट्टीवर, दगडाच्या खाणीत, भाताच्या चिखलात ज्यांची हयात गेली त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. वय झाले की त्या कोणाच्याही पुसट होतात. म्हणजे यंत्र ज्यांना हमखास ओळखते ते लेखणीवाले, आणि ज्यांना ओळखण्यास ते कुरकुरते ते नेमके कष्टकरी व म्हातारे, ज्यांच्यासाठी ते धान्य आले आहे. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. हेतूवाचूनही अन्याय घडू शकतो, एवढेच.

सातपुड्याच्या पाड्यांवर ही गोष्ट कशी घडते ती जरा विस्ताराने सांगतो, कारण आढावा बैठकीच्या टक्केवारीत ती दिसत नाही. दुकानदार यंत्र घेऊन जेथे रेंज मिळेल त्या टेकाडावर किंवा शाळेच्या कोपऱ्यात बसतो. माणसे दोन-चार मैलांची डोंगरवाट तुडवून येतात. अंगठा लागला तर ठीक. नाही लागला तर दुसरे बोट, मग पाण्याने धुतलेले बोट, मग तेल लावून पुसलेले बोट. ‘अंगठा लागत नाही, उद्या या,’ असे दुकानदार म्हणतो, आणि तोही बिचारा खोटे बोलत नसतो. घरातील दुसऱ्या माणसाचा अंगठा चालतो, मोबाइलवर येणारा सांकेतिक आकडा चालतो, असे पर्याय हुकुमांत आहेत हे मी जाणतो. पण एकट्या म्हातारीच्या घरी दुसरे माणूस नसते, आणि मोबाइल असलाच तर तो मुंबईस गेलेल्या मुलाजवळ असतो. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने अनुदानाच्या योजनांपुरती आधारची सक्ती ग्राह्य धरली, तेव्हाही ओळख पटविण्यातील अपयशामुळे कोणी वंचित राहणार नाही हे सरकारपक्षाचे आश्वासन त्याच निकालपत्रात नोंदले गेलेले आहे. आश्वासन दिल्लीत नोंदले गेले. अपयश टेकाडावर घडते. आणि त्या दोहोंच्या मधे काहीही लिहिले जात नाही. धान्य मिळाले तर यंत्रातून पावती निघते. न मिळाले तर म्हातारीच्या हाती काहीच पडत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ सालीच जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी व राज्याला अन्न आयोग दिलेला आहे. पण तेथवर ती पोचली, असे क्षणभर धरून चालू, तरी ती त्यांच्यापुढे ठेवणार काय? अमुक तारखेस अमुक दुकानी मी आले होते आणि मला नाकारले गेले, याचा तिच्यापाशी पुरावा कोणता? त्या नकाराची नोंद कोठेतरी दूरच्या संगणकात असेलही. तिला ती दिसत नाही, तिच्या तहसीलदारालाही दिसत नसावी.

रोजगार हमीच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच बोचते, कारण ती कल्पना या मातीतली. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ साली तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळाचा भार तिने अंगावर घेतला, १९७७ साली विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले, आणि पुढे २००५ साली देशाने तिचे अनुकरण केले. या कायद्यातील क्रांतिकारक अंश खडी फोडण्याच्या कामात नव्हता; तो होता मागणीच्या अर्जावर मिळणाऱ्या दिनांकित पोचेत. मजुराने काम मागावे, त्यास तारखेची पोच मिळावी, त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देणे शासनास भाग पडावे: उपाशी माणसाच्या हाती शासनाला मुदत घालून देण्याचा अधिकार आला, आणि तो कागदाच्या एका चिटोऱ्यातून आला. संगणक आल्यावर हा चिटोरा अधिक बळकट व्हावयास हवा होता. मजुरांच्या संघटनांची जुनी तक्रार आहे की घडले उलटेच. अर्ज ज्या दिवशी दिला तो दिवस न धरता तो संगणकात ज्या दिवशी भरला गेला तो दिवस मागणीचा धरला जातो, आणि काम उपलब्ध झाल्यावाचून तो भरलाच जात नाही, म्हणून हिशेबात विलंब शून्य दिसतो आणि भत्त्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. याउलट १ जानेवारी २०२३ पासून कामावरील मजुरांचे छायाचित्र सकाळी व दुपारी, स्थळाच्या नोंदीसह, पाठविण्याची सक्ती देशभर झाली. रेंजच्या शोधात मुकादम टेकाडावर, आणि छायाचित्र न चढल्यास ज्याने घाम गाळला त्याची हजेरी बुडालेली. एवढे करून लबाडी थांबली म्हणावे, तर केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच जुलै २०२५ च्या परिपत्रकात कबूल केले की कोठे असंबद्ध छायाचित्रे चढविली जातात, कोठे छायाचित्राचेच छायाचित्र काढून पाठविले जाते. खोटा हजेरीपट लिहिणाऱ्याला मोबाइल शिकण्यास वेळ लागला नाही. शिक्षा भोगली ती खऱ्या मजुराने.

आपण म्हणाल, दोष दाखविणे सोपे आहे. दुसरी रीत कोणती? ती शोधण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. १९५६ सालच्या पुणे आकाशवाणीच्या एका प्रयोगाचे कागद दप्तरात कोठेतरी असतील, ते काढून पाहावेत. युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांत, दीडशे गावी, श्रोतृमंडळे स्थापन झाली. सुमारे वीस माणसांचे एकेक मंडळ. त्यात एक निमंत्रक व एक चिटणीस. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. विषय शेतीचे, आरोग्याचे, पंचायतीचे, सहकाराचे. इथवर नवल काही नाही. रेडिओवरून शेतकऱ्यास उपदेश करण्याची हौस तेव्हाही होती, आजही आहे. खरा प्रयोग कार्यक्रम संपल्यावर सुरू होई. रेडिओ बंद झाला की मंडळी बोलत, वाद घालत, आणि काय ठरले, काय पटले नाही, काय विचारावयाचे आहे, हे लिहून चिटणीस आकाशवाणीकडे धाडी. त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून येत. ज्या गावी मंडळ होते ती, ज्या गावी नुसता रेडिओ होता ती, आणि जेथे तोही नव्हता ती, अशा तिन्ही प्रकारच्या गावांची तुलना टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. नुसता रेडिओ असलेल्या गावांच्या मानाने मंडळांच्या गावांत ज्ञानाची वाढ पुष्कळच अधिक आढळली. यंत्र दोन्हीकडे तेच होते. फरक पाडला तो एकत्र बसण्याने, बोलण्याने आणि उलट टपालाने. पुढे ही मंडळे देशभर पसरली व पसरता पसरता विरळ झाली, कारण पसरविणाऱ्यांनी संच वाटले आणि उलट टपाल वाचणारी माणसे नेमण्याचे विसरले; निदान माझा तर्क तसा आहे. त्या काळी अशा मंडळांतून स्त्रिया किती बसत आणि महारवाड्यातले किती, हा प्रश्न मनात येतोच, व त्याचे उत्तर फारसे भूषणावह नसावे. परंतु साधन दुहेरी असल्यावाचून समाज हलत नाही, एवढे त्या वेळी पुण्यात ताडून पाहिले गेले होते.

वारणेची हकीकत त्याहून अलीकडची. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांच्या सीमेवरील सत्तर गावांत १९९८ साली संगणककेंद्रे उघडण्याचा मोठा प्रकल्प वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या आधाराने निघाला; बाजारभाव, शेतीविषयक सल्ला, शासकीय माहिती, सारे काही तेथे मिळेल अशी मनीषा होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधनशाळेने पाहणी केली, तेव्हा केंद्रांचा उपयोग प्रामुख्याने एकाच कामासाठी होत असल्याचे आढळले: आपल्या उसाचे वजन किती भरले, खताचा हिशेब काय, बिल कधी निघणार. तेवढ्यासाठी संगणक नको, मोबाइलवरचा छोटा संदेश पुरे, असे ठरवून त्यांनी काही गावांत तसा यशस्वी प्रयोगही केला. या प्रकल्पास अपयश म्हणण्याची प्रथा आहे; मला मात्र त्या शेतकऱ्यांनी फार मोलाचे उत्तर दिलेले दिसते. शासनाने त्यांना जगाची माहिती देऊ केली आणि त्यांनी मागितली ती कारखान्याच्या वहीतली आपली ओळ. ज्याचे वजन दुसरा करतो आणि ज्याचा हिशेब दुसरा लिहितो, त्याची पहिली गरज ती वही पाहण्याची असते.

आणि वही पाहण्याची आपली देशी रीत आहे चावडीवाचनाची. हे मी आपणास सांगावे असे नाही, कारण २०१७ साली संगणकात चढविलेल्या सातबाऱ्यांतील चुका हुडकण्यासाठी महसूल खात्यानेच गावोगाव चावडीवाचनाची मोहीम काढली होती. केवढी अर्थपूर्ण गोष्ट ही! कोट्यवधी नोंदी यंत्रात गेल्या, आणि त्या खऱ्या की खोट्या हे ठरविण्यासाठी अखेर गावाला पारावर बसवून त्या मोठ्याने वाचाव्या लागल्या. ज्याचे क्षेत्र चुकले तो उठून उभा राहिला. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना येथे पहिली जनसुनावणी घेतली तिचेही तंत्र हेच होते. हजेरीपट व बिले भर सभेत वाचली गेली, आणि त्यांतील खोटे नोंदणाऱ्याच्या शेजाऱ्यांनीच ओळखले. त्या चळवळीतून माहितीचा अधिकार देशाला मिळाला. त्याच राजस्थानने १३ सप्टेंबर २०१९ रोजी जनसूचना पोर्टल उघडून माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाचे, म्हणजे न मागता माहिती देण्याच्या कर्तव्याचे, काही अंशी तरी पालन केले. कोणत्या गावात कोणास किती धान्य गेले हे अर्ज न करता पाहता येते. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय, याचे एक उत्तर गडचिरोलीच्या सीमेपलीकडे सापडेल. छत्तीसगडात शुभ्रांशु चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० पासून ‘सीजीनेट स्वर’ ही सोय चालविली. साध्या फोनवरून गोंडीत वा हिंदीत आपली तक्रार आपल्याच आवाजात नोंदवावयाची, ती इतरांनी ऐकावयाची, आणि संबंधित अधिकाऱ्याचा क्रमांक तक्रारीतच सांगितलेला असल्याने ऐकणाऱ्यांनी त्यास फोन करून विचारावयाचे. ना अक्षर, ना स्मार्टफोन, ना दलाल. आमच्याकडे मात्र तक्रारीचे संकेतस्थळ उघडले की प्रथम परवलीचा शब्द मागतात.

आता मागणे काय ते सांगतो. ज्या ज्या यंत्राला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आपण दिला आहे त्या प्रत्येकास त्या नाहीचा दाखला देण्याचे बंधन घालावे. अंगठा जुळला नाही तर चिठ्ठी निघावी. तीवर तारीख, दुकान, नकाराचे कारण व तक्रारीचा क्रमांक असावा, आणि यंत्राने ते मोठ्याने बोलून दाखवावे, नंदुरबारात भिलीत व पावरीत, धारणीत कोरकूत, भामरागडात माडियात. ती चिठ्ठी निघताच तक्रार दाखल झाली असे मानावे, बाईने पुन्हा अर्ज करण्याची गरज नसावी. आणि त्याच दिवशी वहीत नोंद व सही-अंगठा घेऊन तिचे धान्य तिला द्यावे, मागाहून वाद घालावयाचा तो खात्याखात्यांनी आपसांत घालावा. रोजगाराची मागणी फोनवर बोलून नोंदविता यावी, बोलल्या क्षणाची तारीख हीच मागणीची तारीख ठरावी, ती मागाहून कोणासही बदलता येऊ नये. हे काही अपूर्व नव्हे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांपुरती पोच, मुदत, अपील व दंड ही चौकट राज्यात आधीच उभी केलेली आहे. आणि कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये, हे २००५ च्या विलंब प्रतिबंध कायद्यात लिहून ठेवलेले आहे. मजुराची हजेरी दोनदा मोजणाऱ्या राज्यास नस्तीची हजेरी एकदा मोजणे अवघड नसावे. आणि या साऱ्या नोंदी, म्हणजे नकार किती झाले, धान्य किती उतरले, मजुरी कोठे अडली, गावच्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या चार ग्रामसभांत चावडीवाचनाच्या रीतीने वाचल्या जाव्यात. त्यांना ‘डॅशबोर्ड’ म्हणून मंत्रालयाच्या भिंतीवर लटकविण्याने काही होत नाही. त्या तेथे आजही लटकत आहेत.

दोन आक्षेप मला आधीच ऐकू येतात. पहिला असा की वहीवर धान्य देण्याची मुभा ठेवली की दुकानदार तिचा गैरफायदा घेतील. काही घेतील. परंतु वहीवरची ती नावे थोड्याच महिन्यांत भर ग्रामसभेत, त्याच माणसांच्या समक्ष वाचली जाणार आहेत हे ठाऊक असताना किती घेतील, याचा विचार व्हावा. शेजाऱ्याच्या कानाइतका स्वस्त व चोख तपासनीस कोणत्याही कंत्राटात मिळावयाचा नाही. दुसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने माहिती अधिकाराच्या कायद्यातील संबंधित कलमाचा मजकूर पालटला, आणि त्यामुळे उद्या एखादा अव्वल कारकून हजेरीपट दाखविण्यासही ‘वैयक्तिक’ म्हणून नकार देईल, ही भीती निराधार नाही. माणसाचे बँक खाते, त्याचा आजार, त्याचा आधार क्रमांक पारावर वाचला जाऊ नये, हे उघडच आहे. पण सार्वजनिक पैशाने झालेल्या कामावर कोण होते आणि सार्वजनिक कोठारातून कोणाच्या नावे काय निघाले, ही गावाची बाब आहे. ही सीमारेषा आपल्या सहीच्या एका परिपत्रकाने स्पष्ट होऊ शकते. ती न आखल्यास खासगीपणाचे पांघरूण गरिबाच्या अंगावर न पडता कचेरीच्या दप्तरावर पडेल.

अखेरची विनंती जागेविषयी. असे प्रयोग करावयाचे ठरले की आपल्याकडे रस्त्यालगतचा, रेंजचा, उत्साही तहसीलदाराचा तालुका निवडतात. तेथे प्रयोग यशस्वी होतो, छायाचित्रे निघतात, आणि डोंगरातल्या तालुक्यांत त्याचे काय होईल हे कोणालाच कळत नाही. आपण कृपा करून उलट करावे. अक्राणी घ्यावा, धारणी घ्यावा, भामरागड घ्यावा. तेथे पहिल्या वर्षाअखेर नकारांची व विलंबांची संख्या शेजारच्या सुखवस्तू तालुक्यांच्या कित्येक पट भरल्याचे आपल्या मेजावर येईल. ती पाहून तेथील जिल्हाधिकाऱ्यास खुलासा विचारू नये, आणि त्याची बदली तर मुळीच करू नये. आजवर ज्यांची मोजदादच होत नव्हती ते नकार प्रथमच कागदावर उतरलेले असतील, आणि त्याने ते लपविले नाहीत एवढाच त्याचा अपराध असेल.



आपला विश्वासू,
एक नागरिक